आडवे शब्द त्याचे

सांगतोय ते खरं आहे. आयुष्यभर विनोदी सदर लिहिलं, त्यामुळे माझ्या खऱ्यावर कुणाचा विश्वास बसत नाही. घरातल्यांचाही नाही. पण यातला एक शब्दही पदरचा नाही.

आणि ही रात्रीची गोष्ट नाही. भर दुपारची आहे. अमावस्या नव्हती, कुत्री रडली नाहीत, दिवे गेले नाहीत. जेवणं उरकली होती. तिसऱ्या मजल्यावरचं आमचं स्वयंपाकघर, खिडकीशी टेबल, टेबलाला दोन खुर्च्या.

एक खुर्ची बायकोची. दुसरी रीतसर माझी असायला हवी होती.

ती अनुस्वाराची होती.

अनुस्वार म्हणजे आमच्या वर्तमानपत्रातला मुद्रितशोधक. बुटका, गोल आणि कायम कुणाच्या तरी डोक्यावर बसलेला, म्हणून हे नाव मीच ठेवलं होतं. शेजारच्या घरात एकटाच राहायचा. निवृत्त झाल्यापासून तो रोज दुपारी आमच्याकडे यायचा, आणि तो आणि माझी बायको मिळून गूढ शब्दकोडं सोडवायचे.

साध्या कोड्यात अर्थ दिलेला असतो, शब्द लिहायचा आणि मोकळं व्हायचं. गूढ कोड्यातलं सूत्र मात्र सरळ बोलतच नाही. त्याचा एक तुकडा अर्थ सांगतो, दुसरा शब्द कसा जोडायचा ते सांगतो, आणि कुठला तुकडा कुठला, हे शेवटपर्यंत कळू देत नाही. नवीन सुनेबद्दल सासू बोलते तसं.

एकदा सूत्र होतं, ‘मनातला जळफळाट उलटा वाहे, अक्षरं दोन.’

अनुस्वार म्हणाला, "वहिनी, ‘वाहे’ उलटं वाचा."

हेवा.

बायको इतकी हसली की मी आतल्या खोलीतून पाणी प्यायला आलो. तहान नव्हती.

त्यांची वाटणी ठरलेली होती. उभे शब्द तिचे, आडवे त्याचे. आणि नियम एकच. उत्तर सुचलं म्हणून लिहायचं नाही. ते कसं आलं, हे आधी समोरच्याला उलगडून सांगायचं. समोरचा ‘अस्सं होय’ म्हणाला की मगच पेन्सिल उचलायची.

उभ्या संसारात मला तिच्याकडून एकदाही ‘अस्सं होय’ मिळालं नव्हतं. ‘असं का’ पुष्कळ मिळालं.

त्यात माझं सदर त्याच पानावर वरच्या बाजूला असायचं आणि कोडं खाली. कोडं सोडवायचं तर पान मधोमध दुमडावं लागतं. मग मी आत जायचो.

पुढे अनुस्वार वारला. झोपेतच गेला. वाईट वाटलं, नाही असं नाही. पण त्याला पोचवून परत येताना जिन्यातच माझ्या मनात आलं... खुर्ची रिकामी झाली.

दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो.

"अहो, तिथे ते..." बायको म्हणाली आणि थांबली. मग म्हणाली, "बसा."

रोज बसू लागलो. एक आडवा शब्द सुटेल तर शपथ. ती आपले उभे भरायची आणि माझ्याकडे बघत राहायची.

माझ्याकडे नव्हे... माझ्या मागे, खुर्चीच्या पाठीकडे.

मग ती दुपार आली.

आडवं सूत्र होतं, ‘पहिल्या सुराशेजारी संत बसला, तर उन्हात सोबत करते. अक्षरं तीन.’ मधलं ‘व’ तिच्या उभ्या शब्दातून आयतंच मिळालं होतं. उन्हात सोबत करते, मधे ‘व’. सावली. मी पेन्सिल उचलली आणि लिहूनसुद्धा टाकलं.

"कसं?" बायको म्हणाली.

"कसं काय? उन्हात सोबत करते ती सावली."

"हा अर्थ झाला. सूर कुठाय?"

"सूर म्हणजे सा."

"आणि संत?"

"असेल इथेच कुठेतरी. संतांचं काय, जागा मिळेल तिथे बसतात."

ती हसली नाही. "खोडा."

"अगं, उत्तर बरोबर आहे."

"बरोबर असेल. पण तुम्हाला ते आलेलं नाही. भाऊजी असते तर..."

"भाऊजी नाहीत."

"माहितीय मला. रोज दुपारी कळतं ते."

जिवंत माणसाचा हेवा वाटला तर निदान त्याची नालस्ती करता येते. मेलेल्याबद्दल चांगलंच बोलावं लागतं. मी खुर्चीच्या हातावर थाप मारली.

"ठीक आहे. या हो, या. बसा इथे. तुम्हीच समजावा हिला."

थट्टाच होती. धंद्याची सवय, दुसरं काय.

स्वयंपाकघरातला नळ ठिबकत होता...

तो थांबला.

खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायला धडपडत होतं...

तेही थांबलं.

मग माझ्याखालची खुर्ची कुरकुरली. शेजारी बसणाऱ्याला जागा करून देताना आपण सरकतो ना, तशी.

मी सरकलो नव्हतो.

आणि बायको म्हणाली...

"अस्सं होय."

तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ती हसत होती. "सा, त्याच्या शेजारी वली. वली म्हणजे संत. सावली. किती दिवसांनी कुणी असं उलगडून सांगितलं."

"कुणी सांगितलं?"

"कुणी म्हणजे? तुम्हीच की."

मला ‘वली’ हा शब्द ठाऊक नव्हता. नंतर कोशात पाहिला. आहे.

समोर चहाचा कप होता. रिकामा. चहा कधी झाला, मी कधी प्यालो, काही आठवेना. टेबलावरचं ऊन भिंतीवर जाऊन बसलं होतं. कोडं पूर्ण भरलेलं होतं. आडवे सगळे शब्द माझ्या अक्षरात होते.

फक्त त्यांना शिरोरेषा नव्हती.

अनुस्वार शिरोरेषा देत नसे. म्हणायचा, चौकटीला वरची रेघ आहे की, एकाच अक्षरावर दोन छपरं कशाला?

मी घाबरलो. पण त्या संध्याकाळी बायको माझ्याशी इतकं गोड बोलली की घाबरणं जरा लांबणीवर टाकलं. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्या खुर्चीत बसलो.

तेव्हापासून रोज असंच. मी बसतो... आणि संध्याकाळ होते.

मधलं काही माझ्याकडे नाही.

ती सांगते, आज तुम्ही अमुक किती छान समजावलंत, तमुक शब्दाला आपण किती हसलो. मी मान डोलावतो. आमच्या संसारातले सगळ्यात सुखाचे तास चालू आहेत म्हणे, आणि मी त्यात नाही. आता तर माझा मलाच हेवा वाटतो. दुपारच्या मला, संध्याकाळच्या माझा नव्हे. संध्याकाळच्याला दुपारच्याचा. बघा, धड सांगताही येत नाही.

एकदा बसण्याआधी मोबाईलवर आवाज टिपायला लावून ठेवला. संध्याकाळी दार लावून ऐकला. पेन्सिलीची खरखर होती. बायकोचा आवाज होता. "हं..." मग शांतता. "पुढे?" मग शांतता. मग तिचं हसू, अगदी लग्नाआधीचं.

माझा आवाज नव्हता. दुसऱ्या कुणाचाही नव्हता.

मला दिवसभर खोकला असतो. त्यात एकही खोकला नव्हता.

काल संध्याकाळी मन घट्ट केलं. म्हणालो, "उद्यापासून कोडं बंद. खूप झालं."

ती पेन्सिलीला टोक करत होती. मला वाटलं, रडेल, निदान भांडेल. तिने टोकावर फुंकर मारली.

"बरं," म्हणाली.

एवढं सोपं असेल असं वाटलं नव्हतं. मी सुटकेचा श्वास टाकणार, तेवढ्यात ती म्हणाली...

"पण आधी त्यांना विचारा."

ती टोक बोटावर दाबून बघत होती. आवाजात राग नव्हता, भीती नव्हती. तिला हे आज कळत नव्हतं, पहिल्या दुपारपासून ठाऊक होतं.

मी अजून विचारलेलं नाही. विचारणार कसं? तो येतो तेव्हा मी नसतो.

हे सकाळी लिहितोय. अकरासुद्धा वाजलेले नाहीत, आणि आतून हाक आलीये, पानं वाढलीत म्हणून.

हल्ली आमच्याकडे जेवणं लवकर होतात.