उमाबाईंच्या डब्यातला लसूण

दत्तोपंत गेले तर उमाबाईंना घराची मागची खोली मिळणार होती. खोली म्हणजे पत्र्याचं छप्पर, पोपडे धरलेल्या भिंती आणि नळ अंगणात. दत्तोपंतांनी तसं मृत्युपत्रात लिहून ठेवलं होतं, आणि धारच्या ठाणेदारांनी त्या खोलीच्या जोरावर दत्तोपंतांच्या या स्वयंपाकीणबाईंना कोठडीत बसवलं होतं. ठाणेदारांना सरकारी बंगला होता. खोलीची किंमत त्यांनी अंदाजानेच धरली असावी.

"उद्या उमाबाईंना कोर्टात उभं करणार," ऋजुता म्हणाली. "मावशी, मी त्यांच्या हातचं जेवून मोठी झाले. त्यांनी माझ्या वडिलांना मारलं यावर माझा विश्वास नाही."

ती सकाळीच धारहून देवासला, विनोदिनी चिटणीसांकडे आली होती. विनोदिनीबाईंनी बरीच वर्षं विमा कंपनीसाठी कारखान्यांतले अपघात तपासले होते. आता त्या खासगी तपास करत. भाचा शार्दूल त्यांची गाडी चालवायचा. गाडी तो वेळेवर पोचवायचा. समज मागाहून पोचायची.

"दादांना काय झालं, ते आधी सांग," विनोदिनीबाई म्हणाल्या.

घरात दादा म्हणत ते दत्तोपंत पीथमपूरपलीकडच्या एका कारखान्यात केमिस्ट होते. लोखंडावर जस्त चढवणाऱ्या कारखान्यांची राख तिथे यायची. ती तेजाबात, म्हणजे अ‍ॅसिडात, विरघळवून तिच्यातलं जस्त आणि तांबं परत काढायचं, हा तिथला धंदा. परवाच्या गुरुवारी ते डोकं धरून, कुडकुडत घरी आले. लघवी काळ्या चहासारखी झाली. सकाळी डोळे पिवळे. इंदूरच्या इस्पितळात मूत्रपिंडं बंद पडली आणि रविवारी संपलं. तपासणीत सोमल निघाला. आर्सेनिक.

"जुलाब?"

"नाही. डॉक्टरांनीही तेच विचारलं."

"डबा?"

"रिकामा परत आला. म्हणून तर पोलीस म्हणतात, विष डब्यातून गेलं. आणि दादांनी त्या दिवसापासून उमाबाईंच्या हातचं पाणीसुद्धा घेतलं नाही. त्या आल्या की भिंतीकडे तोंड फिरवायचे. हे मीच पोलिसांना सांगून बसले."

"मग संपलंच की, आत्या," शार्दूल म्हणाला. "मरणाऱ्याला कळलं होतं."

"कळलं होतं का वाटलं होतं, ते बघू. गाडी काढ."

ठाण्यात उमाबाई भिंतीला टेकून जमिनीवर बसल्या होत्या. विनोदिनीबाई शेजारी बसल्या.

"पंत काय म्हणाले तुम्हाला, घरी आल्यावर?"

"म्हणाले, डब्यात लसूण घातलास. चातुर्मासात माझं व्रत मोडायला निघालीस." उमाबाईंचा आवाज फार बारीक होता. "बाई, आषाढी एकादशीपासून घरात कांदा-लसूण येत नाही. त्यांच्या आईपासूनचा नेम. मी दुधीची भाजी नि पोळी दिली होती. देवाची शपथ घेतली, पण त्यांनी ऐकलंच नाही."

"पोलिसांना सांगितलंत?"

"सांगितलं. ते म्हणाले, लसूण लपवलास तर विषही लपवलं असशील."

कारखान्याच्या फाटकाशी दोन लठ्ठ कुत्री पसरली होती. शार्दूलने बिस्कीट टाकलं. ती आरामात उठून आली. मागच्या शेडला वळसा घालताना मात्र त्याचा नवा पांढरा बूट ताडपत्रीखालून वाहिलेल्या गाळात घोट्यापर्यंत गेला. गाळ डांबरासारखा काळा होता.

"गेले बूट," तो म्हणाला.

"पुसू नकोस," विनोदिनीबाई म्हणाल्या. त्यांचं लक्ष वर होतं. शेडच्या भिंतीत पंख्यासाठी ठेवलेल्या गोल भोकात गोणपाट कोंबलं होतं.

मालक उदाजीराव यांच्या घराण्यात पूर्वी दरबारची कारकुनी होती. मराठी त्यांची अजून त्याच काळातली.

"दत्तोपंत म्हणजे आमचे घरचेच. त्यांचे गुडघे अगदी गेले होते हो. मालाच्या ढिगावर चढवत नसे. नमुना मी स्वतः त्यांच्या टेबलावर नेऊन देई. मालक असून."

"गुरुवारी टाकीत काय माल होता?"

"नित्याचीच राख. दत्तोपंतांनीच पास केली. हा पाहा नमुना." त्यांनी बाटली पुढे केली. वर दत्तोपंतांच्या अक्षरात तारीख होती, आत पांढुरकी, कोरडी राख.

"पंखा कुठे गेला?"

"मोटर रिवाइंडिंगला दिली आहे. पावसाळ्यात चालायचेच."

"त्या दिवशी तुम्ही इथे होतात?"

"छे. पाहुण्यांना घेऊन राजगढला गेलो होतो, मोहनखेड्याच्या दर्शनाला. पण कानावर आले. शेडभर लसणाचा वास म्हणे. बाईने विष लसणात दडवले, दुसरे काय?"

"त्यांचं मृत्युपत्र पोलिसांना कोणी सांगितलं?"

"मीच. साक्षीदाराची सही माझी होती ना." उदाजीरावांनी चहा मागवला. विनोदिनीबाईंनी तो घेतला नाही.

पाळीचा इनचार्ज हर्षित मागच्या वस्तीत घरी पडून होता. डोळे काविळीने हळदीसारखे, गळ्यात काड्यांची माळ.

"बसा, भिया," तो शार्दूलला म्हणाला. "पीलिया झालाय ना मला. हाटपिपल्याच्या एका बाबांकडून माळ आणली. माळ लांबते तसा पीलिया उतरतो म्हणतात."

"लांबली का?" विनोदिनीबाईंनी विचारलं.

"माळ तर लांबली, मॅडम."

"कधीपासून आहे?"

"गुरुवारपासूनच. पंतांना झालं, तेव्हाच."

"त्यांच्या डब्यातलं काही खाल्लंस?"

"कोणीच नाही खाल्लं. झालं असं, की टाकीत जस्ताची भुकटी सोडली आणि ती भलतीच फसफसली. वास सुटला. मी मालकसाहेबांना फोन लावला. म्हटलं, अजीब वास येतोय. साहेबांनी विचारलं, लसणासारखा का? मी म्हटलं, हो, तसाच. तर म्हणाले, पंतांचा डबा असेल, काम थांबवू नका. मी पंतांना तसं सांगितलं. त्यांनी डबा उघडला, नाक मुरडलं आणि सगळा बाहेर कुत्र्यांपुढे ओतला. दिवसभर उपाशी बसले टाकीपाशी, शेडमध्ये आम्ही दोघंच. मी शेव देत होतो, तर म्हणाले, तीही लसणाची असेल."

"हे पोलिसांना का नाही सांगितलंस?"

"कोणी विचारलंच नाही. साहेब म्हणाले, तू आराम कर, डब्याशी तुला काय करायचं."

विनोदिनीबाईंनी आधी शार्दूलकडून त्याला गाडीत बसवलं आणि इंदूरच्या इस्पितळात पोचवलं. मग ठाणेदारांना फोन लावला.

संध्याकाळी कारखान्याच्या ऑफिसात ठाणेदार, ऋजुता आणि उदाजीराव बसले होते. टेबलावर वर्तमानपत्र, वर्तमानपत्रावर शार्दूलचा काळा बूट, आणि बुटाशेजारी ती बाटली.

"हे काय प्रदर्शन?" उदाजीराव म्हणाले.

"तुमचाच माल आहे, दोन्हीकडे," विनोदिनीबाई म्हणाल्या. "ठाणेदारसाहेब, डबा कुत्र्यांनी खाल्ला. कुत्री फाटकावर बिस्किटं खातायत. डबा न खाल्लेले दोघे मात्र पिवळे पडले. दत्तोपंत आणि हर्षित. दोघांत सामाईक एकच गोष्ट होती, ती पंख्यावाचून कोंडलेली शेडमधली हवा."

"हवेत सोमल?" ठाणेदारांनी विचारलं.

"सोमल असलेला गाळ तेजाबात गेला, वर जस्ताची भुकटी पडली, की विषारी वायू निघतो. तो रक्त फोडतो. म्हणून लघवी काळी, डोळे पिवळे, आणि पोटातून गेलेल्या सोमलासारखे जुलाब नाहीत. त्या वायूला वास असतो. लसणाचा."



"पण आत्या, दत्तोपंत केमिस्ट होते," शार्दूल म्हणाला. "त्यांना कळू नये?"

"त्यांनी स्वतः तपासलेली राख निर्धोक होती. ही बाटलीतली. टाकीत गेला तो बुटावरचा गाळ. पंत ढिगावर चढू शकत नव्हते, नमुना आणून देणारा माणूस एकच होता. मग वास आला. इतर आठ महिन्यांत आला असता तर त्यांनी टाकीकडे पाहिलं असतं. चातुर्मासात लसणाचा वास आला की माणूस आधी व्रत सांभाळतो. शिवाय मालकांनी डब्याकडे बोट दाखवलंच होतं. उदाजीराव, हर्षित फोनवर नुसता वास म्हणाला होता. लसूण हा शब्द तुमचा. राजगढला बसून तुम्हाला तो कसा सुचला?"

उदाजीरावांनी बाटली बुटापासून दूर सरकवली.

"तांबे होते त्या गाळात," ते म्हणाले. "सोमलामुळे कोणी घेत नव्हते, जवळजवळ फुकट मिळाला. दत्तोपंत नाही म्हणाले असते. पण मारायचे माझ्या मनात नव्हते हो."

"नसेल. त्यांच्या मरणात तुमचा फायदाच नव्हता. पण ते इस्पितळात जिवंत होते, तेव्हा तुम्ही डॉक्टरांना गाळाचं सांगितलं असतंत तर त्यांनी वेळेवर रक्त बदललं असतं. तुम्ही ते न सांगता नंतर ठाणेदारांना मृत्युपत्राचं सांगितलंत. दुसऱ्याच दिवशी हर्षितला घरी बसवलंत. आणि त्याला तर आजही सांगितलं नव्हतंत."

ठाणेदारांनी बाटली उचलली आणि बूटही. शार्दूल एका पायात बूट घालून गाडीपर्यंत गेला.

उमाबाईंना त्याच संध्याकाळी सोडलं. ऋजुताने त्यांना सगळं सावकाश समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि एकच विचारलं.

"म्हणजे पंत त्या दिवशी उपाशीच राहिले?"

आता कोणी काय किंमत भरली ते पाहू. गाळ विकणाऱ्याचं आवार रिकामं झालं, त्याला कोणी विचारलं नाही. उदाजीराव कोठडीत आहेत. वकील इंदूरचा आहे, जामिनाचं बोलणं चालू आहे. हर्षितचं रक्त आठवड्यातून दोनदा यंत्रावर धुतात. माळ त्याच्या आईने कडुलिंबाला टांगून ठेवली आहे. दत्तोपंतांनी ती जिवाने भरली. उमाबाईंना खोली मिळाली, ठरल्याप्रमाणे. फक्त पंतांनी भिंतीकडे फिरवलेलं तोंड पुन्हा त्यांच्याकडे वळवायला कोणी उरलं नव्हतं.