खुर्चीतला खळगा

रस्त्यावरून एक खुर्ची चालत येत होती.

सोफेवाल्याने तोंडातले खिळे तळहातावर काढले आणि पुन्हा नीट पाहिलं. हो, खुर्चीच. बेताच्या आकाराची, हातांची, उलटी. चार पाय आभाळाकडे आणि खाली आणखी दोन पाय, चपला घातलेले... भुरभुर पावसात डबकी चुकवत, डुलत डुलत, थेट त्याच्या दुकानाकडे निघालेले.

"अहो, बघताय काय? धरा की!" खुर्ची म्हणाली.

त्याने धावत जाऊन धरली. खालून एक लालबुंद चेहरा निघाला. केस विस्कटलेले, कपाळाला गोणपाटाचा एक धागा चिकटलेला. तो धागा काढावा असं त्याच्या बोटांच्या मनात आलं... पण बोटं शहाणी निघाली, जागच्या जागी राहिली.

"टेम्पो तरी करायचा."

"चार इमारती सोडून यायला? टेम्पोवाला हसला असता."

"आता सगळा रस्ता हसला."

"हसू दे. लोकांना हल्ली हसायला मिळतंय कुठे?"

त्याने खुर्ची आडवी केली. एक स्प्रिंग पोट फाडून बाहेर आली होती. बैठकीत मोठा खळगा, डावीकडे जरा जास्त. डाव्या हातावरचं कापड तर पार विरलेलं.

"बसणारे अंगाने भरलेले दिसतात," तो म्हणाला. "आणि या हाताशी सारखा चाळा करतात."

"गिअर!" ती हसली. "बाबा बस चालवायचे. घरी टीव्ही बघता बघतासुद्धा गिअर टाकायचे."

"मग कापडाचा रंग त्यांनाच विचारू. येतील दुकानात?"

तिचं हसू जरा अडखळलं. "ते... गेल्या हिवाळ्यात गेले. म्हणजे—बसतात अजून. संध्याकाळी. आई खिडकीत त्यांचा कप ठेवते आणि दिवसभराचं सगळं सांगते."

सोफेवाल्याने खिळे परत तोंडात टाकले. तोंडात खिळे असले की माणसाला गप्प राहायला बरं पडतं.

"फक्त स्प्रिंग तेवढी बसवा हं," जाता जाता ती म्हणाली. "बाकी फार काही करू नका."

हे तर सगळीच गिऱ्हाइकं म्हणतात. त्याने मान डोलावली, आणि ते वाक्य एका कानाने ऐकून दुसऱ्याने सोडून दिलं. दुसरा कान तिच्या चपलांच्या आवाजामागे गेला होता.

कोपऱ्यावरच्या रक्त तपासणीच्या लॅबमध्ये ती कामाला होती. जेवणाच्या सुट्टीत डबा घेऊन यायची—खुर्चीची विचारपूस करायला. गिऱ्हाइकांसाठी ठेवलेली एक जुनी बुटकी खुर्ची होती, तिच्यावर एक पाय दुमडून अंगाखाली घ्यायची आणि डबा मांडीवर.

"पेशंट कसा आहे?"

"पोट उघडलंय. नातेवाइकांनी बाहेर थांबावं."

"नातेवाईक जेवताहेत, हलणार नाहीत." त्याच्या हातातल्या लांब, वाकड्या दाभणाकडे बघून ती म्हणाली, "म्हणजे आपण दोघंही टोचणारेच. फक्त माझ्या सुईने लोक ओरडतात."

"माझी गिऱ्हाइकंसुद्धा ओरडतात. पण बिल बघून."

मागच्या बाजूला मशीनवर उशांचे अभ्रे शिवणारी आत्या खुदकन हसली. आत्यानेच त्याला लहानाचा मोठा केला होता. लग्नाचं नाव काढलं की पोरगा हातोडी उचलतो, हे तिला ठाऊक होतं. हल्ली मात्र दुपार झाली की हातोडी आपोआप थांबते, हेही तिने बघून ठेवलं होतं.

एकदा त्याने विचारलंच. "रागावणार नसाल तर एक विचारू?"

"रागवायचं की नाही ते ऐकल्यावर ठरवू."

"दिवसभर सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसता. आणि गेलेला माणूस खुर्चीत येऊन बसतो म्हणता?"

"म्हणून तर म्हणते! नुसत्या डोळ्यांना न दिसणारं केवढं काय असतं, ते रोज बघते मी."

"घे!" आत्या ओरडली. "चांगला टाका घातला तुला."

"आणि देव?" तिने विचारलं. "तोही नाही?"

"त्याची-माझी ओळख नाही. कुठे भेटलाच तर नमस्कार करीन."

"मी रोज बोलते त्याच्याशी."

"काय म्हणतो?"

"म्हणतो, त्या दाभणवाल्याला सांभाळून घे. बोलतो वाकडं, पण शिवतो सरळ."

तो हसला. हसता हसता, कसं कोण जाणे, कधी कुणाला न सांगितलेलं बोलून गेला. त्याची आई गेली तेव्हा तो अगदी लहान. मोठी माणसं म्हणाली, ती येईल, दिसणार नाही पण येईल. म्हणून तो खिडकी उघडी टाकून झोपायचा. थंडी मी म्हणत होती. पोरगा तापाने फणफणला.

"आई काही आली नाही," तो म्हणाला. "आत्या आली, तिने खिडकी लावली. तेव्हापासून मी आत्याला मानतो. बाकी कुणाला नाही."

मशीन थांबलं होतं. ती कितीतरी वेळ डब्याचं झाकण बोटांनी फिरवत राहिली.

"आली असेल," ती हळूच म्हणाली. "तुम्ही झोपला असाल."

दाभण कापडातून निघालं ते थेट त्याच्या बोटात. रक्ताचा थेंब वर आला. तिने झटकन पर्समधला कापूस काढला, त्याच्या बोटावर ठेवला आणि आपला अंगठा वर दाबला. "दाबून धरायचं," ती म्हणाली. सवयीने, रोज शंभर जणांना म्हणते तशी. मग मात्र धरायचं कुणी, हे दोघंही विसरले. रक्त केव्हाच थांबलं होतं... अंगठा तिथेच होता.

जाताना दारात वळून म्हणाली, "रविवारी घरी आणा. आईला बघायचंय."

"खुर्ची?"

"खुर्चीसुद्धा."

त्या आठवड्यात सोफेवाल्याने आयुष्यातलं सगळ्यात देखणं काम केलं. फक्त स्प्रिंग? छे! तिच्या घरात जाणारी खुर्ची आणि अर्धवट? त्याने जुना, दबून भुगा झालेला काथ्या मूठ मूठ उपसून काढला. नवे पट्टे ताणले, नवा काथ्या भरला, त्यावर कापूस, त्यावर गडद निळं कापड. बैठक अशी सपाट की वाटी ठेवली तर पाणी हलू नये. आत्या मागे बसून स्वतःच जुळवलेलं काहीबाही गुणगुणत होती—

गेलं माणूस दारातून, दार लावू कशी बाई
पाऊलवाट त्याची, अजून बुजली नाही...

ते त्याच्या कानांवर पडत होतं. कानांच्या आत मात्र गेलं नाही.

रविवारी तो नवा शर्ट घालून गेला. खिडकीपाशी फरशीवर खुर्चीच्या चार पायांचे चार डाग होते, त्यांवर त्याने नेमके चार पाय टेकवले. खिडकीच्या कट्ट्यावर एक जाड कान असलेला कप. तिची आई आतून आली. बुटकी, हसरी, चष्मा कपाळावर ढकललेला. त्याला आधी डोक्यापासून पायापर्यंत बघून झालं, लेकीकडे एक तिरका कटाक्ष टाकून झाला. मग तिने खुर्चीच्या बैठकीवर तळहात ठेवला, फिरवला, पुन्हा फिरवला.

"ह्यांचा खळगा कुठे गेला?"

"बुजवला, काकू!" तो अभिमानाने म्हणाला. "सगळा काथ्या नवा घातला. आता कितीही वर्षं दबायची नाही."

"अहो..." लेक मागून म्हणाली. तिचा आवाज पातळ झाला होता. "मी म्हटलं होतं ना, स्प्रिंग तेवढी... जुना काथ्या कुठाय?"

"टाकला. कचऱ्याच्या गाडीत गेला."

आई अजून बैठकीवर हात ठेवून उभी होती. पाहुण्यांना कुठे बसवायचं असं विचारावं इतक्या साधेपणाने तिने विचारलं, "मग आता ते कुठे बसतील?"

त्या क्षणी तोंडात खिळे असते तर! पण नवा शर्ट घालून आलेल्या माणसाच्या तोंडात खिळे नसतात. त्याला आपल्या कामाचा अपमान झाल्यासारखं वाटलं, आणि कुठेतरी खोल एक खिडकी धाडकन आपटली.

"काकू, नुसता काथ्या दबला होता तो," तो म्हणाला. "त्यात कुणी नव्हतं."

आईने बैठकीवरचा हात काढून घेतला.

"बरं," आई म्हणाली. तिने कट्ट्यावरचा कप उचलला आणि ती आत गेली. आतून नळाचा आवाज आला, कप विसळल्याचा. मग फडताळाचं दार लागलं.

त्यानंतर दुपारी ती येईना. चौथ्या-पाचव्या दिवशी तोच लॅबवर गेला. बाहेरच्या बाकावर, हातावर कापूस दाबून बसलेल्या माणसांच्या रांगेत बसून राहिला. ती आली, शेजारी बसली.

"मी तसाच खळगा परत करून देतो," तो घाईने म्हणाला. "माप आहे माझ्या डोळ्यांत. डावीकडे जरा जास्त—"

"कशाने कराल?"

"वाळूची पोती ठेवीन. नाहीतर मीच बसेन रोज."

डोळे भरलेले असतानाही तिला हसू आलं. "बाबांच्या मापाला तुमच्यासारखी दोन माणसं लागतील." मग म्हणाली, "नको. आई कप ठेवायची थांबलीय. म्हणते, पोरगं खरं तेच बोललं."

हे ऐकून त्याला शिव्या खाल्ल्यापेक्षा वाईट वाटलं.

"तुम्ही रागावलात."

"नाही. घाबरले." ती आपल्या नखांकडे बघत होती. "एक विचारते. मला बरं वाटावं म्हणून सांगू नका, खरं सांगा. समजा... आपण एका घरात म्हातारे झालो. आणि मी आधी गेले. संध्याकाळी—माझी वाट बघाल?"

'हो' म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण तो प्रामाणिक माणूस होता, आणि प्रामाणिक माणसासारखा विचार करत बसला. येणार नाही हे माहीत असताना वाट बघायची, म्हणजे खोटंच की ते. पुन्हा ती थंडी, पुन्हा ती उघडी खिडकी... तोंडात एकही खिळा नव्हता, तरी ओठ मिटलेले.

ती थांबली. खूप थांबली. आतून पुढचा नंबर पुकारला गेला तरी थांबली.

"खोटं बोलला नाहीत, बरं केलंत," अखेर उठत ती म्हणाली, आणि आत गेली.

हिवाळ्यात मायलेकी दूरच्या शहरात भावाकडे राहायला निघाल्या. आत्याने बातमी आणली तेव्हा ट्रक निघायच्या बेतात होता. तो हातोडीसकट धावला. सामान चढवून झालं होतं. सगळ्यांच्या मागे, दोरीने बांधलेली ती निळी खुर्ची, रस्त्याकडे तोंड करून. त्याची कारागिराची नजर, बघायचं नव्हतं तरी गेलीच. सपाट बैठकीत एका अंगाला जरासा खळगा पडला होता. बाबांचा नव्हे, लहान, उथळ... एक पाय दुमडून अंगाखाली घेऊन कुणी रोज बसावं तसा.

ड्रायव्हरशेजारच्या खिडकीतून तिने त्याला पाहिलं. आईने पाहिलं, आणि समजूतदारपणे दुसरीकडे मान वळवली. तो काही बोलणार, तोच इंजिन गुरगुरलं. तिने हात बाहेर काढला, आणि आपल्याच बोटावर अंगठा ठेवून दाखवला. दाबून धरायचं.

ट्रक वळला. सोफेवाला बोट घट्ट धरून रस्त्यात उभा राहिला.

दुकानातली ती बुटकी खुर्ची अजून तशीच आहे. नवं गिऱ्हाईक तिच्यावर टेकायला गेलं की तो घाईघाईने स्टूल पुढे करतो. आत्या एकदा वैतागली.

"सोफेवाल्याच्या दुकानात ही असली खुर्ची? एका अंगाला दबलीय बघ. बुजव की तो खळगा!"

"राहू दे, आत्या."

"का? कुणी यायचंय?"

"नाही गं."

आत्या त्याच्याकडे बघत राहिली, मग अभ्रे गोळा करून मुकाट्याने आत गेली. बाहेर भुरभुर पाऊस लागला होता. रस्त्यावरून छत्र्या जात होत्या, नुसत्या छत्र्या.

त्याने तोंडातले खिळे एक एक करून तळहातावर काढले.

"वाट बघेन," तो म्हणाला.

खुर्ची काहीच म्हणाली नाही.