बाराव्या मोरीचा पहारा

उंबरदरीच्या पूर्वेकडील खिंडीतून सूर्याची पहिली तिरीप आत उतरली की आधी बंधाऱ्याचे पाणी उजळे, मग पाटाकाठचे ऊस, मग भाताची खाचरे आणि सर्वांत शेवटी कसब्याचा काळा तट. तिन्ही बाजूंनी डोंगरांनी कवेत घेतलेल्या त्या दरीत मोरणी नदी अडवून देशमुखांच्या पणज्याने बंधारा बांधला, कोसभर पाट खणला, त्यावर बारा मोऱ्या म्हणजे पाण्याच्या बंदिस्त दगडी वाटा बांधल्या, आणि जिथे पूर्वी केवळ गुरे चरत तिथे एक बाजारपेठेचा कसबा वसला. दरीचे सारे वैभव त्या एका पाटाचे. आणि आज एकोणीस दिवस तो पाट कोरडा ठणठणीत पडला होता.

सरदार हाशमबेगाने बंधाऱ्यावर चौकी बसवून पाटाचे दार खाली सोडून पाणी बंद केले होते. त्याची छावणी आणि सहा तोफा तटासमोरच्या काळ्या रानात उभ्या होत्या. कसब्यात विहिरी दोन, त्यांतली एक खारट. दीर वारले, पती झुंजीत पडले, मुलगा पाळण्यात. म्हणून देशमुखीचा शिक्का साळूबाईंच्या हाती आला होता. तलवारीला त्या भीत नव्हत्या. पण गेल्या एकोणीस दिवसांत कसब्यातून तीनदा छापे घातले गेले आणि तिन्ही वेळा बेगाचे लोक आधीच सावध होते. घरात साप आहे हे कळत होते, बीळ सापडत नव्हते. जेवताना वाढणाऱ्या हाताकडेही त्या पाहू लागल्या होत्या.

त्या सकाळी पहारेकऱ्यांनी तटावरून दोर सोडून उतरणाऱ्या एका गोसाव्याला हटकले. तो घाबरून खाली कोसळला आणि जागीच गतप्राण झाला. त्याच्या जटेत एक चिठ्ठी निघाली. सदरेवर कारभारी केसोपंतांनी ती वाचून दाखवली : "पहिल्या मोरीतून तटाच्या आत वाट आहे. मोरी कोरडी आहे, आतले गज काढून ठेवले आहेत. परवा सूर्योदयी माणसे पाठवावी." खाली नांगराची निशाणी होती, ती निशाणी पाटाचे पाणी वाटणाऱ्या धाकोजी पाटकऱ्याची.

"आता कसली चौकशी, बाईसाहेब?" केसोपंत ताडकन म्हणाले. "पाटाच्या मोऱ्या याच्या ताब्यात. याची लेक बेगाच्या मुलखात दिलेली. आजच्या आज कडेलोट व्हावा!"

धाकोजीला मुसक्या बांधून आणले. पन्नाशीचा, उन्हाने रापलेला, पायांना कायमच्या चिखलाच्या भेगा पडलेला गडी. साळूबाईंनी चिठ्ठीतला मजकूर त्याला ऐकवला आणि शांतपणे विचारले, "पहिली मोरी कुठली, धाकोजी?"

"बंधाऱ्याखालची, बाईसाहेब. कसब्यापासून कोसभर लांब. तिथून तटाच्या आत कोण आन् कसा यायचा? येडा हाय का लिहिणारा?"

"आणि तटाखालची?"

"ती बारावी. शेवटची. आम्ही पाणी जसं येतं तसंच मोजतो. आमच्या बापजाद्यांनी कधी उलटं मोजलं न्हाई."

उलटे मोजत ते दप्तरात. कागदोपत्री तटाखालची मोरी पहिली आणि बंधाऱ्याखालची बारावी, कारण लिहिणारे कसब्यात बसत. पाटावरचा कुणीही माणूस त्या मोरीला पहिली म्हणणार नाही, आणि दप्तराच्या किल्ल्या एकाच कमरेला होत्या. साळूबाईंची नजर केसोपंतांकडे वळली. पंतांचे उपरणे खांद्यावरून घसरले होते आणि ते सावरायचे त्यांना सुचत नव्हते.

"पंत, मोरीचे गज आत्ता जाऊन पाहू या का?"

गज काढलेलेच होते. ते पंतांच्या गोठ्यात, गवताखाली मिळाले. बेगाने त्यांना अर्ध्या दरीची सनद कबूल केली होती. चिठ्ठी सापडलीच तर दोष पाटकऱ्यावर जावा म्हणून निशाणी त्याची वापरली होती. बेड्या पडताना मात्र पंत हसले. "माझा डाव उघडा पडला, बाईसाहेब. पण म्हणून हा पाटकरी सोवळा ठरला असं समजू नका. लेक शत्रूच्या मुठीत असलेला बाप कुणाचा असतो?"

ते शब्द साळूबाईंच्या काळजात कुसळासारखे रुतून बसले.

धाकोजीचे हात मोकळे होताच त्याने स्वतःच मसलत मांडली. "चिठ्ठी जाऊ द्या. बाणाला बांधून छावणीत टाका. बेगाची निवडक माणसं मोरीत शिरतील, बंधाऱ्यावरची चौकी पातळ पडेल. मी ओढ्याच्या अंगानं जाऊन दार उचलतो. ते काळं रान एकदा भिजलं की तोफ काय, शेळीसुद्धा हलायची न्हाई."

"ऊस आडवा होईल. पेरा वाहून जाईल."

"पेरा पुन्हा करता येतो, बाईसाहेब."

त्यांनी होकार दिला, त्याच्या हाती विडा दिला. आणि तो गेल्यावर सिदोजी या नेमबाज बंदूकधारी बरकंदाजाला बोलावून हलक्या आवाजात म्हणाल्या, "अंतर राखून त्याच्या मागे जा. तो बंधारा सोडून छावणीकडे वळला, तर दुसऱ्या पावलाची वाट पाहू नकोस."

तिसऱ्या दिवशी उजाडताना त्या बुरुजावर उभ्या होत्या. खाली तटाखालच्या मोरीत बेगाची माणसे एकेक करून वाकून शिरत होती आणि आतल्या तोंडाशी दबा धरलेले मावळे त्यांना चकार शब्द न काढू देता खाली लोळवत होते. साळूबाईंचे डोळे मात्र दुर्बिणीतून दूर बंधाऱ्यावर खिळले होते. ओढ्यातून एक ठिपका वर आला. चौकीवरचे उरलेले दोघे त्याने कोयत्याने गारद केले. तो दाराशी पोचला. थांबला. आणि दाराला हात न लावताच वळून छावणीच्या दिशेने धावत सुटला.

पंतांचे हसणे त्यांच्या कानात वाजले. त्याच क्षणी बार झाला.

ठिपका कोसळला. पण पडता पडताच तो सरपटत पुढे गेला, काठावरच्या एका जुन्या चारीची, म्हणजे पाटातून फुटणाऱ्या चराची, फळी त्याने खांद्याने रेटून उपटली, आणि मग उलट फिरून, एक हात लोंबकळत असताना, दाराच्या दांड्यावर सारे अंग टाकले. तेव्हा साळूबाईंना उमगले. नुसते दार उचलले असते तर पाणी पाटाने सरळ कसब्याकडे आले असते. तोफांच्या रानाकडे ते वळवायला आधी ती चारी उघडावी लागत होती. पाण्याच्या माणसाला हे सांगावेसेही वाटले नव्हते, आणि त्यांनी विचारले नव्हते.

एकवीस दिवस कोंडलेली मोरणी गर्जत खाली आली. घटकाभरात काळे रान लोण्यासारखे झाले. तोफांची चाके आसापर्यंत रुतली, घोडे पोटापर्यंत. कसब्याचे दरवाजे उघडले आणि दुपारपर्यंत हाशमबेग खिंडीपलीकडे पळाला होता.

धाकोजी वाचला, हात वाचला नाही. लढाईनंतर चौथ्या दिवशी साळूबाई पालखी न घेता चालत त्याच्या झोपडीत गेल्या. बेग पळून वाट मोकळी होताच सासरहून आलेली त्याची लेक उशाशी बसली होती.

"धाकोजी, ती गोळी बेगाची नव्हती."

"ठावं हाय, बाईसाहेब," तो म्हणाला. "बेग म्होरं होता. गोळी मागनं आली."

"मला शिक्षा सांग."

त्याने उरलेल्या हाताने कमरेची पाटाची किल्ली सोडून त्यांच्यापुढे ठेवली. "शिक्षा कसली? धन्याला संशय घ्यावाच लागतो. पर आता पाटाची किल्ली दुसऱ्याकडं द्या. पाळीचं पाणी वाटणाऱ्यावर धनी भरवसा ठेवतो, तवाच रयत त्याचं ऐकती."

त्यांनी इनाम देऊ केले, ते त्याने घेतले नाही. किल्ली परत घ्यावी म्हणून त्यांनी पदर पसरला, तरी त्याने नकाराची मान हलवली. अखेर ती त्याच्या लेकीने उचलली. बापाकडे पाहून, देशमुखिणीकडे न पाहता.

त्याच संध्याकाळी साळूबाईंनी दप्तर उघडवले आणि लेखकाला स्वतः मजकूर सांगितला : "धाकोजी पाटकरी याणे दरी राखिली. त्यास लागलेली गोळी आमच्या हुकुमाने सुटली. कसूर आमचा, त्याचा नाही." लेखकाची लेखणी अडखळली. "बाईसाहेब, हे पुढची पिढी वाचेल."

"म्हणूनच लिही," त्या म्हणाल्या, आणि खाली शिक्का स्वतःच्या हाताने उमटवला.