नळीचं दुसरं टोक

"नकाशा शिवून मिळेल?"

मशीनवरून मान वर केली, तर दारात एक भिजलेला तरुण. हातात घडीवर फाटलेला कापडी नकाशा. माझा जन्म ब्लाउज शिवण्यात चाललाय, पण असलं गिऱ्हाईक पहिलंच!

टीप मारता मारता मी आमची गल्ली शोधली. सापडली, पण ठणठणीत कोरडी. पुराची निळी रेघ नदीकाठीच थांबलेली.

"अहो, इथे पाणी मागून येतं, नाल्यातून. सात वर्षांपूर्वी या मशीनच्या फळीला लागलं होतं."

तो गोरामोरा झाला. "म्हणजे पूरभिंत तुमच्या गल्लीआधीच संपेल... शनिवारी आमचे साहेब आराखडा पक्का करताहेत. मला घराघरांतल्या खुणा दाखवाल?"

माझे बाबा एकेकाळचे गवंडी. त्यांची पाण्याची नळी घेतली. लांबलचक, पारदर्शक. एक टोक नकाशेवाल्याच्या हातात, एक माझ्या. दोन्हीकडे पाणी एकाच पातळीत थांबतं, त्यावरून शेजारच्या खुणा ताडून बघायच्या.

वाणीणकाकूंनी तिसरी फळी दाखवली. मास्तरांनी स्विचबोर्ड. कोपऱ्यावरच्या आजी म्हणाल्या, "माझ्या कमरेइतकं. तेव्हा मी उंच होते हं!"

कुणी कुणाला विचारलं नव्हतं. तरी घरामागून घर, सगळ्या खुणा एकाच पातळीत! माझ्या अंगावर काटा आला. त्याच्याकडे बघितलं, तर तो लिहायचं विसरून भिंतीवर हात ठेवून उभा. "काय लक्षात ठेवता हो तुम्ही लोक..." तो हळूच म्हणाला. तेव्हाच मला तो आवडला.

शुक्रवारी शेवटची खूण माझ्या दुकानातली. ती मात्र वीतभर वर!

"मी खोटं बोलतेय?"

"तसं नाही हो... पण एक चुकली, की साहेब सगळ्याच नाकारतील."

माझ्यामुळे अख्खी गल्ली बुडणार? डोळे भरून आले. तेवढ्यात आतून बाबा हसले. "अगं, पुरानंतर मीच नाही का फरशी वीतभर उंच केली? मशीन तेव्हा खाली होतं!"

मी खूण वीतभर खाली घेतली. नळीतलं पाणी हललं, डुचमळलं... आणि बरोब्बर तिथेच थांबलं.

शनिवारी बैठकीत एकेका घरानं उठून आपली खूण सांगितली. आजींनी तर उभं राहून कंबर दाखवली. साहेबांनी स्वतः निळी रेघ खोडली आणि भिंत आमच्या गल्लीमागच्या नाल्यापर्यंत नेली.

सोमवारी नकाशेवाला पुन्हा दारात. "नळी परत द्यायला आलो."

"बाबा आत आहेत."

तो हलला नाही. एक टोक माझ्यापुढे धरलं. "जरा धरता?"

"आता काय मोजायचं राहिलं?"

"माझ्याकडे... पातळी फार वाढलीय. तुमच्याकडे किती, ते कळलं तर बरं."

मी टोक धरलं. पाणी काही केल्या स्थिर होईना. तो एक पाऊल पुढे आला. नकळत मीही.

आतून बाबांनी विचारलं, "काय गं, जुळली का?"

"जुळली, बाबा," मी म्हटलं, आणि टोक सोडलं नाही.