दलदलीच्या वळणावरची डिव्हिजन

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पोरांनो. नंतर कुणी हसलं तर गोष्ट तिथेच सोडीन, आणि घरी एकेकटे जाल. घडलं ते विस्वाल्दिसच्या बाबतीत. लाकूडगिरणीत माझ्या शेजारी करवत चालवायचा. मला सांगितलं त्याच्या बायकोने, झेन्टाने. ती खोटं बोलत नाही. ते खातं माझ्याकडे.

परवाच्या वर्षीची दोन फेब्रुवारी, मेणबत्त्यांचा सण. डुकराचं मटण ताटात तसंच, आणि झेन्टा पोट धरून जमिनीवर. अपेंडिक्स फुटायला आलेलं. अ‍ॅम्ब्युलन्सवाले म्हणाले, बर्फ आहे, वेळ लागेल. विस्वाल्दिसने तिला रजईत गुंडाळलं, गाडीत निजवलं आणि लिएपाया बंदराच्या गावातल्या इस्पितळाकडे निघाला.

“दलदलीच्या रस्त्याने?” माझा पुतण्या रायविस म्हणाला.

“मग काय, उडत जाणार होता?”

“पण काका, त्या वळणावर...”

“थांब ना बाबा. ही सानिता राजधानीतली, रीगाची आहे, तिला कळू दे.”

तर सानिता, ऐक. महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्या वळणावर जर्मन फौजेची एक डिव्हिजन होती, हजारो शिपाई. आमच्या आजीची गाय खाल्ली त्यांनी, मला काही त्यांचा पुळका नाही. त्यांचा जनरल आणि त्याच्या हाताखालचे झाडून सगळे साहेब बोटीत बसून निघून गेले. जाताना सांगून गेले, हुकूम येईपर्यंत जागा सोडायची नाही. हुकूम कोण धाडणार? मागे राहिलेले शिपाई गेले सगळे चिखलात.

अजून उभे आहेत.

रात्री गाडी थांबवतात. एक हवालदार काचेशी वाकतो. “हुकूम आला?” आपण म्हणायचं, “अजून नाही.” आमच्याकडे पोराला प्रार्थनेआधी हे शिकवतात. मग इंजिन बंद करून बसायचं. तो निरोप घेऊन रांगेतल्या एकेकाला सांगत जातो. शेवटच्याला कळलं की रस्ता मोकळा. वेळ लागतो. बसून राहायचं.

“त्या रात्री?” सानिताने हळूच विचारलं.

त्या रात्री झेन्टाचं कण्हणं थांबलं होतं. विस्वाल्दिसने मागे हात घालून तिचा गाल चाचपला. गार.

वळणावर गाडी थांबली, काचेशी तो हवालदार वाकला. “हुकूम आला?”

विस्वाल्दिसने समोरच्या शिपायांकडे पाहिलं.

रांग लांब होती. दिव्यांच्या उजेडापलीकडेही होती.

“आला,” विस्वाल्दिस म्हणाला.

“असं नको म्हणूस रे,” मागून झेन्टा पुटपुटली. तेवढी शुद्ध होती तिला.

“कुठे जायचं?” हवालदाराने विचारलं.

“बंदरावर. चला, वाट सोडा.”

“नेणार कोण?”

“मी,” विस्वाल्दिस म्हणाला.

रस्ता मोकळा झाला. एकदम. गाडी सुटली. त्याने आरशात पाहिलं नाही. झेन्टाने पाहिलं. काय पाहिलं ते ती सांगत नाही. मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा तिने चहा पुढे केला.

इस्पितळात तिला आत घेतलं. वेळेवर आणलंत म्हणाले. विस्वाल्दिस खिडकीशी उभा होता. खाली अंगण. अंगणात बर्फ. नर्सला काही दिसलं नाही. त्याला दिसत असावं, कारण तो बराच वेळ तसाच होता. मग त्याने कोटाची बटणं लावली. गळ्यापर्यंत.

“यांना जरा पोचवून येतो,” म्हणाला.

नर्सला वाटलं, कुणी नातेवाईक असतील.

झेन्टा वाचली. तो आला नाही. गाडी अंगणातच.

सकाळी पोलीस मला ओळख पटवायला समुद्रावर घेऊन गेले. ओळख कुणाची? माणूसच नव्हता. बर्फावर पावलं होती, एकट्याची, गिरणीच्या बुटांची. असले बूट माझ्याही पायात होते. थेट पाण्यापर्यंत गेलेली. बाकी कुणाचा एक ठसा नाही.

पाण्याच्या कडेला तो थांबला होता. खूप वेळ; बर्फ विरघळून खालची वाळू वर आली होती. दोन्ही टाचा एकमेकींना चिकटलेल्या, रांगेपुढे सावधान उभ्या साहेबाच्या असतात तशा. समुद्राकडे पाठ, तोंड गावाकडे.

तिथून पुढे पाऊल नाही. मागेही नाही.