रिकाम्या खुर्चीची पाळी

रूलो पिरिस आला तो बेकरीतल्या गरम, साखर पेरलेल्या पावांचा पुडा छातीशी धरून, आणि आल्या आल्या जुन्या सवयीने त्याने आधी कुलूप निरखलं.

"नोएमी, हे कुलूप बदल गं. मी नुसता शिंकलो तरी उघडेल."

"बदललं तर तुला बेल वाजवावी लागेल. आयुष्यात कधी वाजवली आहेस?"

नोएमी हसली, पण तिचं सगळं लक्ष रस्त्याकडे होतं. इरुरेता येतो की ऐनवेळी टांग मारतो, याचाच तिला घोर लागला होता. गेल्या सात वर्षांत तो या घरात एकदाही पाण्याला म्हणून शिवला नव्हता.

एके काळी साल्तो गावात शनिवारचं वर्तमानपत्र हातोहात संपायचं, ते या चौघांमुळे. पोलीस ठाण्याचा मुख्य इरुरेता, त्याच्या ठाण्यातली टायपिस्ट नोएमी, चोरी सोडून खबऱ्या झालेला रूलो, आणि त्यांच्या तपासांच्या गोष्टी दर आठवड्याला तिखटमीठ लावून छापणारा नोएमीचा नवरा, बातमीदार एल्बियो. गल्लीतली पोरं 'चौघे चौघे' खेळायची. इरुरेता व्हायला भांडणं व्हायची आणि रूलो व्हायला मारामाऱ्या. प्रत्येक गुन्ह्याची उकल मात्र याच टेबलाभोवती व्हायची, माते पिता पिता, म्हणजे एका भांड्यात कडू पाला गरम पाण्यात भिजवून एकाच नळीने पाळीपाळीने ओढत. ज्याच्या हातात भांडं त्यानेच बोलायचं, आणि खटला सुटेपर्यंत कुणी 'ग्रासियास' म्हणायचं नाही, हा इरुरेताचा नियम होता. बाहेर ग्रासियास म्हणजे आभार; मातेच्या बैठकीत ग्रासियास म्हणजे पुरे, मला आता पाळी नको.

सात वर्षांपूर्वी एका शुक्रवारी एल्बियो तिला म्हणाला होता, "या खेपेचा, गोदामातला चोर आपल्या चौघांतलाच निघाला. उद्या छापतो, मग बघ." नोएमी त्याच दुपारी बहिणीकडे पायसांदूला गेली. परतली तेव्हा घर रिकामं होतं आणि एल्बियोची होडी नदीवर पालथी सापडली होती. शोध इरुरेताने घेतला. नदी, घर, अंगण, सगळं त्याच्या माणसांनी पालथं घातलं, पण मढं काही हाती लागलं नाही. गावाने रूलोकडे बोट दाखवलं, कारण ते सोपं होतं.

आता नोएमीला ना शिक्षा हवी होती ना माफी. तिला जागा हवी होती. एल्बियो कुठे पडलाय, एवढंच कुणी सांगावं. फुलं कुठे नेऊन ठेवायची हे ज्या बाईला माहीत नाही तिला लोक धड विधवाही म्हणत नाहीत, आणि ही टोचणी तिने सात वर्षं सोसली होती. रूलो आणि इरुरेता, या दोघांपैकी एकाला ती जागा ठाऊक होती.

इरुरेता आला. मफलर इस्त्रीचा, हातात काठी, पोट आणखी सुटलेलं.

"साहेब, तुम्ही तर गोष्टीतल्यापेक्षा जाड झालात," रूलो म्हणाला.

"आणि तू अजून बाहेर कसा रे?"

दोघेही हसले नाहीत. शेगडीवर नोएमीने संत्र्याची साल ठेवली होती, तिचा जळका गोड वास खोलीभर होता. खिडकीतून हिवाळ्यातलं चार वाजताचं ऊन टेबलावर पडलं होतं. टेबलाभोवती चार खुर्च्या होत्या.

"अजून कोण यायचंय?" इरुरेताने विचारलं.

"कुणी नाही. चौघेच."

तिचा डाव साधा होता, आणि तो तिने इरुरेताकडूनच शिकलेला होता. संशयिताला धक्का द्यायचा आणि त्याचे हात बघायचे. एल्बियोच्या पाळीला भांडं रिकाम्या खुर्चीपुढे ठेवायचं, थोडं थांबायचं, मग पाणी हळूच बशीत ओतून टाकायचं. भुताखेतांवर तिचा काडीचा विश्वास नव्हता.

पहिलं माते रिवाजाप्रमाणे तिने स्वतः प्यायलं. दुसरं रूलोला दिलं. तो म्हणाला, "मी त्या शुक्रवारी मारियाच्या घरी होतो. तिच्या नवऱ्याला विचारू नका, एवढंच." त्याने नळीचा शेवटचा घोट सुर्रकन ओढला आणि भांडं परत केलं.

तिने भरून ते रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं.

"नोएमी, हा चावटपणा बरा नाही," रूलोने छातीवर क्रूस काढला. इरुरेताची बोटं काठीवर नुसती वळवळत होती.

थोड्या वेळाने तिने भांडं उचललं. ते हलकं लागलं. आत पाणी नव्हतं, ओला पाला तेवढा होता. आणि नळी डावीकडे वळलेली होती.

एल्बियोला ही एकच वाईट खोड होती. मातेत खोचलेली नळी हलवायची नसते हे साल्तोतलं शेंबडं पोरही जाणतं, पण हा दर वेळी ती डावीकडे वळवायचा आणि तिघांच्या शिव्या खायचा. उन्हाळ्यापासून, सकाळी एकटी पीत बसली की नोएमीला नळी अशी वळलेली दिसायची. आपलाच हात लागला असेल, म्हणून ती सोडून द्यायची. आता तिने रूलोकडे पाहिलं. हातचलाखीत त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण त्याची दाही बोटं साखरेने माखलेली होती आणि भांड्यावर साखरेचा कणही नव्हता.

तिने नळी सरळ केली, भांडं भरलं आणि इरुरेताला दिलं.

त्याने एक घोट घेतला. "गार आहे."

"थर्मासातून वाफ निघतेय, साहेब," नोएमीने दाखवलं.

"चिखलासारखं लागतंय. असो. ग्रासियास."

"खटला सुटला नाही अजून," नोएमी म्हणाली. "नियम तुमचाच आहे."

दुसरी फेरी सुरू झाली. ती प्यायली, रूलो प्यायला, आणि भांडं पुन्हा रिकाम्या खुर्चीपुढे गेलं. या वेळी तिघांनीही ऐकलं. नळीतून शेवटचा घोट ओढल्याचा आवाज आला, सावकाश, चवीने.

रूलोच्या हातातला पाव खाली पडला.

नोएमीने भांडं भरून इरुरेतापुढे धरलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं, पण तोंडाला लावेना.

"पाणी कुठलं हे?"

"अंगणातल्या आडाचं. नळाच्या पाण्याने मातेची चव जाते. मी पायसांदूहून परतले तेव्हा तो बंद होता, एल्बियोनेच केला असेल असं वाटलं. उन्हाळ्यात गवंड्याकडून झाकण फोडून घेतलं."

"पण ते मी सिमेंटने पक्कं..."

"तुम्ही कशाला, साहेब?"

"पोरंबिरं पडतील म्हणून."

"या घरात पोरं कधी नव्हती."

मग रूलो खुर्ची पाडून अंगणात धावला आणि त्याच्या ओकाऱ्या ऐकू येऊ लागल्या.

उन्हाळ्यापासून रोज, सकाळ संध्याकाळ, ती ते पाणी पीत होती. तिला किळस यायला हवी होती. ती आली नाही. जागा कळली एकदाची, असं वाटून तिला फक्त हलकं हलकं झालं. आणि मग त्या हलकेपणात राग चढत गेला, थंड आणि नीट.

"प्या," ती म्हणाली.

"नोएमी, त्याने मला धुळीला मिळवलं असतं. गोदामातल्या चार पेट्यांसाठी..."

"प्या. आवाज येईपर्यंत."

त्याने नळी तोंडात धरली.

मुठीएवढं भांडं ते. पाच-सहा घोटांत संपायला हवं. तो ओढत राहिला. संपेना. त्याचे डोळे मोठे झाले, बोटं भांड्यावरून सुटेनात.

"ग्रासियास," तो नळीच्या कडेने कसाबसा म्हणाला. "ग्रासियास, ग्रासियास..."

नाकातून पाणी आलं. गढूळ, हिरवट. मफलर भिजला.

"नोएमी, बास कर!" रूलो दारातून ओरडला.

"मी कुठे काय करतेय?"

ते खरंच होतं. हात पुढे करून तिला भांडं ओढून घेता आलं असतं. तिने पुड्यातला एक पाव घेतला. तो अजून मऊ होता.

इरुरेता खुर्चीत एकदा उसळला, मग निवला. भांडं त्याच्या मांडीवरून घरंगळून तिच्या पायाशी आलं. आत पाला कोरडाठाक होता.

तिने ते पुसलं, नवा पाला घातला, नळी खोचली. थर्मास अजून भरलेल्यासारखा जड होता. पहिलं माते ती प्यायली. दुसरं तिने रूलोपुढे धरलं. त्याने मान हलवली आणि तो भिंतीला धरून रडू लागला. तिसरं तिने रिकाम्या खुर्चीपुढे ठेवलं. परत उचललं तेव्हा नळी डावीकडे होती.

इरुरेताची पाळी तिने वगळली. त्याने ग्रासियास म्हटलं होतं.

एल्बियोने अजून म्हटलेलं नव्हतं. तिने नळी सरळ केली आणि पुन्हा पाणी ओतलं.