टोक सोललेली तार

"तोडा म्हणतो ना ती तार, वहिनी! चौथ्यांदा सांगतोय."

"आणि मी पाचव्यांदा सांगते, नाही तोडणार. घसा कोरडा पडला असेल तर आत पाणी आहे, घ्या ओतून. तेवढं जमतं तुम्हाला."

असं बोलणारी बाई बहात्तर वर्षांची होती. शाळा चौथीपर्यंत. गल्लीत तिला तारकाकू म्हणत, तेही पाठीमागे; तोंडावर म्हणायची कुणाची छाती नव्हती. समोर कपाळ पुसत उभा होता तो तिचा धाकटा दीर. तीस वर्षं तंत्रशाळेत वीज शिकवून निवृत्त झालेला. शिकवली असं तो म्हणे. शिकलेला कुणी अजून तरी भेटलेला नाही. अकरा वर्षांत या घराची पायरी न चढलेला हा गृहस्थ आज, नुसता एक फोन गेला तर, तासाभरात येऊन थडकला होता. आणि दोन पायांत दोन वेगळ्या चपला घालून.

फोनवर ती एवढंच म्हणाली होती, "परसात खणताना ह्यांची जुनी तार सापडली. मी जोडली खांबाला."

दुपारचे चार वाजले असतील. आभाळ गच्च भरून आलेलं, आणि खोलीत उजेड आधीच बेताचा. खिडकीपाशी लाकडी टेबल. त्यावर एक वही, एक पेन्सिल आणि एक मीटर. बाहेरच्या खांबाकडे जाणारी तार त्या मीटरमधून जाई. मीटरचा काटा सावकाश वर चढत होता, थांबत होता, खाली येत होता. बाई भांडत होती दिराशी. डोळा होता काट्यावर. मधूनच ती वहीत एक टिंब नाहीतर रेघ ओढी.

आता हे टिंब-रेघेचं प्रकरण सांगायला हवं. तिचा नवरा हौशी रेडिओवाला. लांबच लांब लहरींवर दूरच्या माणसांना निरोप पाठवायचे, हा त्याचा छंद. या लहरींना खरं तर डोंगराएवढा खांब लागतो. परसात मावतो नऊ मीटरचा. एवढ्याशा खांबातून जे काही निघतं ते इतकं क्षीण, की भराभर पाठवलं तर कुणाला ऐकूच जात नाही. म्हणून मोर्स लिपीतलं, म्हणजे टिंब-रेघांनी अक्षरं बनवायच्या लिपीतलं, एक टिंब अर्धा मिनिट, एक रेघ दीड मिनिट. एक अक्षर उतरेपर्यंत कपातला चहा निवतो.

नवऱ्याने बायकोला त्या यंत्रांच्या वाऱ्याला उभं केलं नाही. बाहेर खांबापाशी जायचा तेव्हा दारातून ओरडून जायचा, "हात लावू नकोस!" चाळीस वर्षं तिने ते तीन शब्द ऐकले. मोठा शहाणा लागून गेला होता. अकरा वर्षांपूर्वी तो गेल्यावर त्याचीच पुस्तकं तिने एकेक अक्षर लावत वाचली, परीक्षा दिली, परवाना काढला. हौशी रेडिओवाल्यांच्या मंडळातल्या तज्ज्ञांनी चहा पिता पिता सांगितलं, "काकू, एवढ्याशा परसातून काय होणार? हे म्हणजे चमच्याने विहीर उपसणं." ती म्हणाली, "चमचा माझा, हात माझा, तुमचं काय जातंय?"

आणि लागली उपसायला. खांबाच्या शेंड्यावर छत्रीच्या काड्यांसारख्या तारा पसरल्या. बुडाशी प्लास्टिकच्या मोठ्या बादलीवर जाड तारेचे दोनशे वेढे दिले. तरीही आवाज कुंपणापलीकडे जाईना. दोष जमिनीत होता. जमीन वाळलेली, कंजूष. दिलेलं सगळं गिळून टाकी. म्हणून मग गेलं वर्षभर खुरपं घेऊन ती खांबापासून चहूकडे चर खणत होती आणि एकेक तार पुरत होती. एकोणतीस झाल्या. तिसाव्या चराला, खांबालगतच्या जास्वंदीच्या मुळाशी, खुरपं खणकन वाजलं.

तांब्याची जुनी तार. ओढून बघितली तर हलेना, जणू पलीकडून कुणी धरून ठेवली होती. रविवारी ती खांबाला जोडली. काटा एकावरून अडीचवर गेला. त्याच संध्याकाळी समुद्रापलीकडच्या एका म्हाताऱ्या दीपगृहवाल्याचा संदेश आला: ऐकलं तुम्हाला, स्वच्छ ऐकलं. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बाई एकटीच खोलीत उभी राहून मोठ्याने हसली.

आणि हा म्हणतो, तोडा.

"कशासाठी तोडू? एक कारण सांगा. तंत्रशाळेतलं सांगितलंत तरी चालेल."

"धोका आहे. जमिनीतली अनोळखी तार कधी जोडू नये."

"अनोळखी? तुम्ही दोघा भावांनीच पुरली ना?"

"दादाने पुरली. मी नुसता फावडं धरून होतो. त्याच्या लेखी मी मरेपर्यंत बारक्याच. त्याच्याशिवाय मला त्या नावाने कुणी हाक मारली नाही." त्याने टेबलाकडे पाहिलं. "वहिनी, आधी ते पाठवणं थांबवा. मी बोलतोय आणि तुमचा तो काटा..."

"आपोआप चाललंय. चालू द्या."

काटा वर गेला. बराच वेळ तिथे थांबला. खोलीत गरम लाखेचा वास येऊ लागला. बाईने वहीत रेघ ओढली.

"बरं, मला एक सांगा," ती म्हणाली. "ह्यांनी ती तार पुरली. मग खांबाला का नव्हती जोडलेली?"

"मला काय माहीत?"

"टोक सोललेलं होतं, भाऊजी. वीतभर. जोडायला माणूस सोलतो तसं. आणि ते काळं ठिक्कर पडलेलं. वरून माती लोटून पायाने दाबलेली."

"अकरा वर्षांत मातीत तार काळीच पडते."

"काळी? तंत्रशाळेतून पोरं नापास होऊन का बाहेर पडायची, आज कळलं. मातीत तांबं हिरवं पडतं. काळं पडतं ते जळून."

बाहेर वारा अजिबात नव्हता, तरी खांबावरच्या तारा बारीक गुणगुणत होत्या.

"त्या दिवशी मी बाजारात होते," बाईचा आवाज खाली आला. "परत आले तर हे जास्वंदीखाली आडवे. तुम्ही म्हणालात, झाडाला पाणी घालत होता, छातीत कळ आली. डॉक्टरांनीही तेच लिहिलं. पण पाण्याची झारी मोरीत होती, भाऊजी. कोरडी. मी तेव्हा विचार केला नाही. ह्यांचा मला रागच इतका होता, की रडताना झारीकडे कोण बघतं?"

"कुठल्या कुठे जाताय तुम्ही..."

"तुम्ही कुठे होतात?"

"सांगितलंय ना. आत. पाणी पीत."

"कुठल्या खोलीत?"

काटा खाली आला. अर्धा मिनिट. वर चढला. अर्धा मिनिट. दीर टेबलापासून दोन पावलं मागे सरला. त्याच्या ओठांवरचा रंग उडाला होता. बाहेर खांबाच्या बुडाशी कुणी तार जोडत असताना आत पाठवायचं बटण दाबलं तर काय होतं, हे तंत्रशाळेत पहिल्याच वर्षी शिकवतात. शिकवणारा समोर उभा होता.

"वहिनी," तो कुजबुजला, "मला वाटलं तो लांब आहे... नुसतं बघायचं होतं, काटा कितीवर जातो ते... तो ओरडला असेलही, मला नाही कळलं... तुम्ही ती तार तोडा. तुमच्या पाया पडतो."

"पडा की. वाकता येत असेल तर."

"आणि हे पाठवणं बंद करा आधी!" आता तो ओरडला. "कधीपासून सांगतोय! कुणाला पाठवताय एवढं? काय पाठवताय?"

पाठवणारी पेटी टेबलाखालच्या कप्प्यात असे. कप्प्याचं दार लोटलेलं होतं. बाईने बसल्या जागेवरून ते पायाने उघडलं. आत काहीच नव्हतं. धुळीत पेटीच्या तळाएवढा चौकोन तेवढा स्वच्छ उमटलेला, आणि वायरची दोन मोकळी टोकं.

वर काटा शांतपणे चढत होता.

बाईने शेवटची रेघ ओढली, वही फिरवून दिरापुढे सरकवली, आणि म्हणाली, "पेटी मी सोमवारीच दुरुस्तीला दिली, भाऊजी, हे मी पाठवत नाहीये, आणि 'हात लावू नकोस'च्या पुढे आज सकाळपासून 'बारक्या' येतंय."